मदरबोर्ड बदलला की संगणकही बदलला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टीमला पुरविले जाणारे नियमित साहाय्य थांबविले आणि ज्या घरांत, ज्या कचेऱ्यांत संगणक ही केवळ कामाची वस्तू आहे, तेथे एक नको असलेला प्रश्न येऊन उभा राहिला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा अथवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर हवा, अशी कंपनीची अट आहे. २०१६ साली घेतलेला, आजही विनातक्रार चालणारा संगणक या अटीत बसत नाही. संपूर्ण नवा संगणक घ्यावा, किंवा सुरक्षा अद्यतनांच्या वाढीव मुदतीवर (वैयक्तिक ग्राहकांसाठी २०२५ मध्ये जाहीर झालेली ही मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची) दिवस ढकलावेत, असे दोन मार्ग सर्वांना दिसतात. डेस्कटॉप बाळगणाऱ्यांसाठी तिसराही मार्ग आहे. कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर आणि हार्ड डिस्क आहे तीच ठेवायची. केवळ मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलायची. एकूण खर्चाचा विचार करता हाच मार्ग अनेकांना परवडणारा आहे.

मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर (महापालिकेच्या दप्तरी त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असले, तरी ग्राहक आणि दुकानदार दोघेही ते वापरत नाहीत) किंवा आपल्या गल्लीतील दुरुस्तीच्या दुकानात हे काम घेऊन गेले, की काउंटरवरून एक वाक्य हमखास ऐकू येते: फॉरमॅट मारावा लागेल. बोर्ड बदलला म्हणजे विंडोज नव्याने टाकायची, हे जणू सृष्टिनियम असल्याप्रमाणे सांगितले जाते. एके काळी त्यात तथ्य होते. आज ते बव्हंशी उरलेले नाही. आणि जे उरले आहे, त्याचे कारण तांत्रिक नसून परवान्याचे व कुलपाचे आहे, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही.

फॉरमॅटचा आग्रह इतका का टाळावा? आमचे सगळे फोटो वेगळ्या डिस्कवर आहेत, मग काय बिघडले, असे कोणी विचारील. घरगुती वापरापुरते ते खरेही आहे. पण समजा, दादरमध्ये एखादे जुने डीटीपी केंद्र आहे. तेथील संगणकात युनिकोडपूर्व मराठी फॉन्टांचे संच आहेत, हार्डवेअर लॉकवर चालणारे टंकलेखनाचे सॉफ्टवेअर आहे, त्याची सीडी कधीच हरवली आहे आणि ते विकणारा माणूस व्यवसाय सोडून गेला आहे. किंवा एखाद्या कर सल्लागाराचे कार्यालय घ्या. टॅलीचा परवाना, जीएसटी विवरणपत्रासाठी लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे ड्रायव्हर, बँकेच्या संकेतस्थळासाठी जुळवून ठेवलेला ब्राउझर, जुन्या डॉटमॅट्रिक्स प्रिंटरसाठी मोठ्या कष्टाने बसविलेले कागदाचे माप... हे सारे म्हणजे फाइली नव्हेत. ही त्या माणसाने वर्षानुवर्षे लावलेली घडी आहे. ती कोणत्याही पेनड्राइव्हवर कॉपी होत नाही आणि फॉरमॅटनंतर ती पुन्हा बसविण्यात जो आठवडा जातो, त्याचे बिल कोणी देत नाही.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरचाच अनुभव सांगावासा वाटतो. शाळेत असताना आमच्याकडे विंडोज एक्सपी असलेला संगणक होता. त्या काळातल्या कित्येक बोर्डांप्रमाणे त्याचेही कॅपॅसिटर फुगले आणि बोर्ड गेला. दुरुस्तीला आलेल्या काकांनी नवा बोर्ड बसविला, ‘सी ड्राइव्ह फक्त उडवतो, डी ला हात लावत नाही’ असे सांगून विंडोज टाकली आणि तासाभरात चहा घेऊन ते निघून गेले. वडील तेव्हा सोसायटीचे सचिव होते. सभांची इतिवृत्ते आणि थकबाकीचे तक्ते त्यांनी ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये ठेवले होते आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ सी ड्राइव्हवर असते, हे त्यांना त्या दिवशी कळले. काकांनी काही लबाडी केली नव्हती. त्यांना जे येत होते ते त्यांनी केले. पण पुढच्या वार्षिक सभेत वडिलांना काय ऐकून घ्यावे लागले, ते आजही घरात कोणी मुद्दाम काढत नाही.

काकांना दुसरा उपाय नव्हता का? होता, पण अवघड होता. एक्सपी स्थापित होताना त्या यंत्राला साजेसा ‘एचएएल’ नावाचा एक स्तर निवडत असे. ऑपरेटिंग सिस्टीम आणि प्रत्यक्ष यंत्र यांच्यामधला तो दुभाषा. दुभाषा एकदा नेमला की नेमला. यंत्र बदलले तरी तो जुनीच भाषा बोलत राही. दुसरी अडचण डिस्क नियंत्रकाची. विंडोज सुरू होण्यासाठी डिस्क वाचावी लागते, डिस्क वाचण्यासाठी नियंत्रकाचा ड्रायव्हर लागतो आणि नव्या बोर्डावरील नियंत्रकाचा ड्रायव्हर मिळवायचा तर आधी विंडोज सुरू व्हावी लागते. या तिढ्यातून ‘०x००००००७बी’ हा क्रमांक असलेला निळा पडदा जन्माला येई. त्यावर ‘रिपेअर इन्स्टॉल’चा तोडगा होता. त्यात जुनी सॉफ्टवेअरे आणि फाइली शाबूत ठेवून फक्त प्रणालीचा गाभा नव्याने बसे. पण त्याला वेळ लागे, मूळ सीडी लागे आणि ग्राहकाच्या घरी उभ्याने करण्यासारखे ते काम नव्हते. फॉरमॅट सोपा होता. त्या सोपेपणाची पुढे प्रथा झाली.

दरम्यान तंत्र पुढे गेले. विंडोज ७ येईपर्यंत एचएएलचा प्रश्न बराचसा मिटला होता, तरी आयडीई पद्धतीत बसविलेली प्रणाली एएचसीआय पद्धतीवर नेली की तोच निळा पडदा दिसे. विंडोज ८ (२०१२) आणि विंडोज १० (२०१५) यांनी प्रचलित नियंत्रकांचे सर्वसाधारण ड्रायव्हर सोबतच आणले आणि यंत्र बदलले आहे हे ओळखून उपकरणांची जुळणी नव्याने करण्याची क्षमता दाखविली. आज विंडोज १० किंवा ११ असलेली डिस्क नव्या बोर्डाला जोडली, तर बहुतेक वेळा पडद्यावर ‘उपकरणे तयार होत आहेत’ अशा अर्थाची ओळ येते, संगणक एक-दोनदा स्वतःहून बंद-चालू होतो आणि डेस्कटॉप जसाच्या तसा समोर येतो. इंटेलवरून एएमडीवर गेले, तरी सहसा असेच घडते.

‘बहुतेक वेळा’ हे शब्द मात्र सांभाळून वाचावेत. जुन्या संगणकातील डिस्क ‘एमबीआर’ पद्धतीने विभागलेली असते, तर नवे बोर्ड ‘यूईएफआय’ पद्धतीने आणि ‘जीपीटी’ विभागणीच्याच डिस्कवरून सुरू होण्याचा आग्रह धरतात. मग बोर्ड निर्दोष, डिस्क निर्दोष, तरीही पडद्यावर काही नाही, अशी स्थिती येते आणि दुकानदाराला पुन्हा फॉरमॅटचे निमित्त मिळते. वस्तुतः विंडोज १० मध्ये २०१७ पासून ‘एमबीआरटूजीपीटी’ हे साधन अंतर्भूत आहे. डिस्कवरील मजकूर न पुसता ते विभागणी बदलते. अट एकच, हे काम जुना बोर्ड जिवंत असताना केलेले बरे. तो एकदा गेला की हेच काम पेनड्राइव्हवरील स्थापना-माध्यमातून करावे लागते. अशक्य नाही, पण काउंटरवर त्यासाठी कोणी थांबत नाही. दुसरा सापळा बायोसमध्ये असतो. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल यंत्रांत, विशेषतः लॅपटॉपमध्ये, डिस्क नियंत्रक ‘व्हीएमडी’ नावाच्या पद्धतीत ठेवलेला आढळतो. त्याचा ड्रायव्हर जुन्या विंडोजकडे नसतो. ती एक खूण काढली की अडलेले गाडे सुरू होते.

कुलूप कोणाचे, किल्ली कोणाकडे?

आता खऱ्या अडचणीकडे वळू. जुन्या घरगुती डेस्कटॉपमधील डिस्क सहसा उघडी असते. कोणत्याही संगणकाला जोडली की वाचता येते. अलीकडच्या यंत्रांचे तसे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून वितरित झालेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीत, नव्याने स्थापना करून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की डिस्कचे सांकेतिकीकरण सर्वसाधारणपणे आपोआप सुरू होते. त्यापूर्वीही अनेक लॅपटॉपमध्ये ते सुरूच होते. या कुलपाची किल्ली टीपीएममध्ये असते आणि टीपीएम हा मदरबोर्डवर किंवा प्रोसेसरच्या पोटात असतो. बोर्ड बदलला की किल्ली जुन्या बोर्डाबरोबर भंगारात जाते. नवा बोर्ड सुरू होतो तो निळ्या पडद्यानेच, आणि तो पडदा अठ्ठेचाळीस अंकांची ‘रिकव्हरी की’ मागतो.

ती की बहुधा ग्राहकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते. परंतु ते खाते कोणाचे? संगणक विकत घेताना दुकानातील मुलाने घाईघाईत उघडून दिलेले, ज्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही असे? की नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे? की अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने गेल्या भेटीत आई-वडिलांसाठी स्वतःच्या नावाने जोडून दिलेले? ही की मिळाली नाही, तर डिस्कवरील मजकूर परत आणण्याचा मार्ग दुकानदाराकडे नाही आणि मायक्रोसॉफ्टकडेही नाही. कुलपाचा हेतूच तो आहे. चोरीला गेलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत आपण त्याचे स्वागतच करू. आक्षेप कुलपावर नाही. आपल्या घराला कुलूप लागलेले आहे, हे घरमालकाला बोर्ड जळाल्यावर कळावे, यावर आहे.

पिन क्रमांकाचेही असेच. रोज चार आकडे दाबून संगणक उघडणाऱ्याला बोर्ड बदलल्यावर तो पिन उपलब्ध नसल्याचा संदेश दिसतो, कारण पिनसुद्धा जुन्या टीपीएमशी बांधलेला होता. तेथे खात्याचा मूळ पासवर्डच लागतो, जो कित्येकांनी संगणक घेतला त्या दिवसानंतर कधी टंकलेलाच नसतो.

परवाना यंत्राला, माणसाला नाही

कुलूप उघडले, डेस्कटॉप दिसला, आणि एक-दोन दिवसांत कोपऱ्यात ‘विंडोज सक्रिय करा’ अशी सूचना उमटली, की प्रकरण तंत्राच्या हद्दीतून करारनाम्याच्या हद्दीत शिरते. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपीबरोबर ‘ॲक्टिव्हेशन’ची पद्धत घरगुती ग्राहकांपर्यंत आली, तेव्हा संगणकाच्या दहा घटकांची नोंद ठेवून त्यांतील ठरावीक संख्येपेक्षा अधिक घटक बदलले, तर पुन्हा नोंदणी करावी लागे. म्हणजे ‘तोच संगणक’ ही तेव्हा मोजण्याची गोष्ट होती. पुढे मोजदाद कमी झाली आणि मदरबोर्डाचे वजन वाढले. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या तयार संगणकांत परवान्याचा क्रमांक थेट बोर्डावरील फर्मवेअरमध्ये लिहिला जाऊ लागला. पूर्वी कॅबिनेटला चिकटवलेले स्टिकर निदान हाती उरायचे. आता क्रमांक बोर्डासोबतच जातो.

यंत्रासोबत मिळालेल्या, म्हणजे ओईएम, परवान्याबाबत मायक्रोसॉफ्टची भूमिका अशी, की मदरबोर्ड हाच संगणकाचा प्राण. बिघडला म्हणून त्याच जातीचा बोर्ड बदलला, तर संगणक तोच, परवाना चालू. मात्र चांगल्या बोर्डाच्या हव्यासाने बदलला, तर संगणक नवा. परवानाही नवा घ्यावा. वेगळा विकत घेतलेला, किरकोळ विक्रीचा परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, फक्त एका वेळी एकाच. अधिकृत सेवा केंद्रातून बोर्ड बदलून घेतला, तर परवान्याची व्यवस्था सर्वसाधारणपणे तेथेच होते. ऑगस्ट २०१६ पासून आणखी एक सोय आली. परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवला असेल, तर सेटिंग्जमधील दुरुस्ती-सहायकात ‘मी नुकतेच हार्डवेअर बदलले’ असे सांगून तो नव्या बोर्डावर आणता येतो. ‘आधीच’ या शब्दावर सारी भिस्त आहे. आणि ओईएम परवान्याला तेथेही नकार मिळू शकतो.

पण आठ-नऊ वर्षांपूर्वीचा बोर्ड जळाला, तर त्याच जातीचा बोर्ड आज कोठे मिळणार? बाजारात असतो तो नव्या सॉकेटचा, नव्या रॅमचा. मग तो ‘बिघाडामुळे बदलला’ की ‘सुधारणेसाठी बदलला’? आणि विंडोज ११ च्या अटीसाठी बदललेल्या बोर्डाला काय म्हणायचे? ज्या कंपनीने नवा प्रोसेसर सक्तीचा केला, तीच कंपनी तो बसविल्यावर आपला जुना परवाना संपला असे सांगते. हे करारात बसत असेल. व्यवहारात ते ग्राहकाला एकाच गोष्टीसाठी दोनदा खिशात हात घालायला लावणे आहे. यातील विनोद असा, की ज्याने परवाना कधी घेतलाच नाही, त्याला यातली कोणतीही अडचण येत नाही. काउंटरवरचा मुलगा त्याला दोन मिनिटांत ‘ॲक्टिव्हेट करून’ देतो. आडकाठी होते ती पावती जपून ठेवणाऱ्याला.

परवाना यंत्राला बांधण्याचा हा अधिकार सर्वत्र बिनबोभाट मान्य झालेला नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ६ जुलै २००० रोजी, मायक्रोसॉफ्टच्याच ओईएम प्रतींच्या खटल्यात, प्रत एकदा रीतसर विकली गेल्यावर ती यंत्रासोबतच विकावी असे बंधन पुढच्या खरेदीदारावर लादता येत नाही, असा निर्णय दिला. २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने वापरलेल्या सॉफ्टवेअर परवान्यांच्या पुनर्विक्रीलाही मान्यता दिली. आपल्याकडे चित्र मजेशीर आहे. २००४ साली टीसीएस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तयार सॉफ्टवेअर ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘वस्तू’ ठरविली. मार्च २०२१ मध्ये प्राप्तिकराच्या एका मोठ्या प्रकरणातही तिच्या मोबदल्याला स्वामित्वशुल्क न मानता विक्रीच मानले. म्हणजे कर आकारताना ती वस्तू आहे. ग्राहकाचा बोर्ड जळाला, की तीच वस्तू एकाएकी केवळ परवानगी होते.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या अधिकारा’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने ही त्यातील क्षेत्रे. २०२५ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल सादर झाला, त्याचा पहिला रोख मोबाइल व टॅबकडे आहे. सुटे भाग मिळावेत, ते वाजवी दरात मिळावेत, दुरुस्तीची माहिती खुली असावी, हे सारे योग्यच. पण भाग मिळाला, बसला, यंत्र चालूही झाले, आणि तरी ते वापरण्याची परवानगी वेगळी मागावी लागली, तर त्या दुरुस्तीला काय अर्थ? हा मुद्दा या चर्चेत अद्याप ठळकपणे आलेला नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांना हा सगळा खटाटोप परका वाटेल. त्यांची डिस्क एका बोर्डावरून दुसऱ्यावर सहसा मुकाट्याने जाते. फार तर नेटवर्क कार्डाचे नाव बदलल्याने जोडणी नव्याने लिहावी लागते. उलट टोकाला ॲपलची अलीकडची यंत्रे आहेत. त्यांत सांकेतिकीकरणाची किल्ली लॉजिक बोर्डावरील चिपमध्येच असते आणि बोर्ड गेला की बॅकअपखेरीज काही उरत नाही. विंडोजचा ग्राहक या दोहोंच्या मध्ये आहे आणि हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकतो आहे.

तेव्हा ज्यांना बोर्ड बदलायचा आहे, त्यांनी तो काढण्यापूर्वीच काही गोष्टी उरकाव्यात. संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ कायदेशीर वापरकर्त्याला सॉफ्टवेअरची अशी सुरक्षाप्रत घेऊ देते. रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवावी, किंवा सांकेतिकीकरण तात्पुरते बंदच करावे आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबावे. परवाना खात्याशी जोडावा, त्या खात्याचा पासवर्ड एकदा टंकून पाहावा. टॅलीसारख्या यंत्राशी बांधलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना ‘सरेंडर’ करता येतो, तो करावा. नव्या बोर्डाच्या लॅन कार्डाचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर हाताशी ठेवावा. एरवी ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही आणि इंटरनेट चालायला ड्रायव्हर नाही, असा एक्सपीच्या काळची आठवण करून देणारा प्रसंग ओढवतो. कार्यालयात संगणकाला ठरावीक आयपी पत्ता दिला असेल, तर तो लिहून घ्यावा, कारण नवे कार्ड तो विसरलेले असते. राउटरविना थेट केबलवाल्याचे इंटरनेट वापरणाऱ्यांनी त्यालाही कळवावे. काही पुरवठादारांकडे जोडणी जुन्या कार्डाच्या मॅक क्रमांकाला बांधलेली असते, आणि नवा क्रमांक नोंदवेपर्यंत सारा दोष मात्र नव्या बोर्डाच्या माथी मारला जातो.

आणि दुकानात यंत्र सोपविताना डिस्क काढून घरीच ठेवावी. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सुस्थितीत आहेत की नाहीत, हे दुकानदार त्याच्याकडील दुसऱ्या डिस्कवर तपासू शकतो. त्यासाठी आपली लागत नाही. यंत्र घरी आल्यावर डिस्कच्या दोन वायरी जोडणे हे स्क्रूड्रायव्हर धरता येणाऱ्या कोणालाही जमण्यासारखे काम आहे.